झग्याची लांबी

मग्दा सकाळी कामावर निघाली की दारातच बसवलेलं कुलूप बाहेरून लावायची. किल्ली दोनदा फिरवायची, मग दार एकदा हलवून बघायची. दार हललं नाही म्हणजे आई हलणार नाही, असा तिचा साधा हिशेब होता. आत खुर्चीत बसलेली तिची आई, इन्शिराह, हे सगळं कान लावून ऐकायची. जिन्यावरचा चपलांचा आवाज खाली खाली जात विरला की चौथ्या मजल्यावर उरायचं कोण, तर इन्शिराह, तिचा वॉकर आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो. "तू सुटलास बाबा," असं ती फोटोला रोज सुनावायची.

आता कुणी म्हणेल, काय ही मुलगी, जन्मदात्या आईला कोंडते. तसं नाही हो. समुद्राकाठच्या आमच्या अनफूशी मोहल्ल्यात मग्दाइतकी आईला जपणारी मुलगी शोधून सापडायची नाही, आणि खरी पंचाईत तीच होती. वैऱ्याने कोंडलं तर माणूस दारावर लाथा तरी घालतं. प्रेमाने कोंडलेल्या माणसाने करायचं काय?

सुरुवात झाली मासळीबाजारात. तीन वर्षांपूर्वी तिथल्या ओल्या फरशीवर इन्शिराहचा पाय सरकला, ती हातावर आली आणि मनगट मोडलं. प्लास्टर चढलं, प्लास्टर उतरलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं हाड एवढ्याशा पडण्याने मोडतंच कसं, हे प्लास्टर घालणाऱ्याने विचारलं नाही आणि घरच्यांच्याही डोक्यात आलं नाही. हातच तो, मोडतो आणि जुळतो. मग गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ती न्हाणीघरात लाकडी खडावांवरून घसरली आणि या खेपेला खुबा गेला. मग्दा टेलिफोनच्या कचेरीत कामाला, घरी दुसरं कुणी नाही. सकाळी पडलेली इन्शिराह दुपारच्या नमाजापर्यंत गळक्या नळाशेजारी तशीच पडून होती. मग्दा घरी आली आणि तिने ते पाहिलं. त्या दिवसापासून ती पोर नीट झोपली नाही.

इस्पितळात खुब्यात सळई बसली. तिथल्या डॉक्टर नेव्हीनने मायलेकींना समोर बसवून समजावलं की पडल्यामुळे हाड मोडलं हे निम्मंच खरं आहे, हाड आतून पोकळ होत चाललंय हे उरलेलं निम्मं. एकदा मोडलेलं माणूस दुसऱ्यांदा मोडतं, दुसऱ्यांदा मोडलेलं तिसऱ्यांदा, तेव्हा यापुढचं मोडणं थांबवणं हेच खरं औषधपाणी. त्यासाठी दर सहा महिन्यांनी एक सुई, न चुकता. रोज थोडं ऊन, रोज थोडं चालणं, खुर्चीतून उठबस, टाचा उचलायचा व्यायाम. आणि हो, घरातल्या सुट्या सतरंज्या काढा, न्हाणीत धरायला दांडी बसवा, पडायला निमित्त ठेवू नका.

मग्दाने यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. घाबरलेल्या माणसाला निम्मंच ऐकू येतं.

तिने सतरंज्या गुंडाळून पलंगाखाली घातल्या. खडावा देऊन टाकल्या. न्हाणीत दांडी बसवली, हातांची खुर्ची आणली. पहिली सुई इस्पितळातच झाली होती. पुढे वसंतात इन्शिराह वॉकर धरून घरातल्या घरात हिंडायला लागली, आणि एक दिवस तिला ताज्या सार्डिन मासळीची अशी काही तल्लफ आली की ती कठडा धरून जिना उतरायला निघाली. दुसऱ्या मजल्यावर पाय थकले. खाली जाता येईना, वर चढता येईना. मग्दा परतली तेव्हा आई पायरीवर बसलेली, मांडीवर पाकीट, आणि दुसऱ्या मजल्यावाल्यांशी सार्डिन कशी भाजावी यावर वाद घालतेय. मग्दा रडली. दुसऱ्या दिवशीपासून कुलूप आलं.

एक जादा किल्ली समोरच्या शेजारणीकडे, उम्म शरबातकडे, दिली होती, आग लागली तरच वापरायची या शपथेवर. उम्म शरबातच्या पोटात उभ्या आयुष्यात एक गोष्ट तासभर राहिली नव्हती, पण किल्ली मात्र तिने अशी सांभाळली की बँकेने शिकावं.

घरात एकच शब्द घुमायचा. पडशील. इन्शिराह पाण्याला उठली की "पडशील". टाचा उचलू लागली की "आई, सोड ते, पडशील". खिडकीशी उभी राहिली की "बस ना, पडशील". होता होता इन्शिराह बसायला शिकली. सकाळी खुर्ची, दुपारी पलंग, संध्याकाळी पुन्हा खुर्ची.

दुसऱ्या सुईची वेळ झाली तेव्हा इस्पितळातून फोन आला. चार मजले उतरवून न्यायचं, चार मजले चढवून आणायचं, या नुसत्या विचाराने मग्दा धास्तावली. ती म्हणाली, "ईदनंतर बघू." आता आमच्याकडे एखाद्या कामाला "ईदनंतर" म्हटलं की ते काम देवाच्या हवाली झालं असं समजावं, कारण एक ईद जाते तोवर दुसरी येऊन दारात उभी असते. फोन ठेवून मग्दाने आईला पटवलं, खरं म्हणजे स्वतःला पटवलं: "आता तू पडणारच कुठून? पडणं नाही तर मोडणं नाही. मग सुई कशाला हवी?" आणि दर शुक्रवारी ती बैलाचे पाये आणून तासन्‌तास शिजवायची. हाडाला हाड लागतं, हे तर आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पायाचा रस्सा ओठांना चिकटायचा, चव फक्कड असायची, इन्शिराह दोन वाट्या प्यायची. हाडांना त्याचा पत्ताही नव्हता.

तर अशा या कैदेत एकच वाट मोकळी राहिली होती, गॅलरी. आणि गॅलरीतली टोपली.

चार मजल्यांच्या या घरांत टोपलीशिवाय कुणाचं चालत नाही. दोर बांधलेली टोपली खाली सोडायची, भाजीवाला त्यात भाजी ठेवतो, ओढून घ्यायची. पण इन्शिराहला ती टोपली म्हणजे बाजार, शेजार, वर्तमानपत्र, सगळं काही होतं. सकाळी दहाच्या सुमाराला खमीस आपली हातगाडी घेऊन गल्लीत शिरायचा आणि ती खुर्ची कठड्याला लावून तयार असायची. खमीस तिला हाज्जा म्हणायचा. ती काही मक्केला गेलेली नव्हती, पण आमच्याकडे केस पिकले की बाई आपोआप हाज्जा होते.

"खमीस, कालची काकडी कडू निघाली."

"हाज्जा, काकडी गोडच होती. तुम्ही जिभेवरचं शिव्यांचं पाणी आधी धुवायला हवं होतं."

एवढं बोलणं झालं की तिचा दिवस उजाडायचा. मुलुखियाच्या पाल्याची जुडी, लिंबं, लसूण वर यायचं आणि त्याबरोबर कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बोट बुडता बुडता वाचली तेही. मग्दाने गॅलरीला परवानगी दिली होती ती अटींवर: बसून राहायचं, उठायचं नाही, जड काही ओढायचं नाही. आणि बजावलं होतं, "काही झालं तर मी गॅलरीच्या दाराच्या या झडपांना खिळे मारीन, आई. देवाशपथ मारीन." इन्शिराहने पोरीच्या डोळ्यांत पाहिलं होतं. ही नुसती धमकी नव्हती.

ऐन उन्हाळ्यात खमीसने कलिंगडं आणली. त्या दिवशी त्याला नातू झाला होता, आणि तो खुशीत होता. त्याने गाडीतलं चांगलं घसघशीत कलिंगड उचलून तिच्या टोपलीत ठेवलं आणि वर ओरडून सांगितलं की हे माझ्याकडून, पैसे सोडलेत तर बोलणं बंद. आता दिलेली भेट परत कशी करायची? आणि कुलपाआडच्या बाईला भेट येते कितीदा? इन्शिराह उठली, कठड्यावरून वाकली आणि ओढायला लागली. पहिला मजला पार झाला. दुसरा झाला. आणि मग तिच्या पाठीत, अगदी मधोमध, वाळकी काडी मोडावी तसं काही तरी कट्‌ झालं.

तिने दोर सोडला नाही. सोडला असता तर खाली खमीसचं डोकं होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी दोराचे दोन वेढे कठड्याला देऊन ती खुर्चीत बसली. कलिंगड दुसऱ्या मजल्यापाशी अधांतरी लटकत राहिलं. खालून खमीसने विचारलं, काय झालं? तिला श्वास घेता येत नव्हता. जरा वेळाने ती म्हणाली, "परत घे. कच्चं आहे."

"इथून कसं कळलं?"

"माझं नाक अजून शाबूत आहे. घे परत."

तिने वेढे सोडले, दोर हळूहळू ढिला केला, टोपली खाली गेली. खमीस बिचारा नाराज झाला. एवढं लालबुंद कलिंगड, आणि कच्चं म्हणे. दोन दिवस तो तिच्याशी तुटक बोलत होता.

संध्याकाळपर्यंत इन्शिराह आढ्याकडे बघत पडून राहिली आणि विचार करत राहिली. हाड मोडलंय हे तिला कळलं होतं. ज्याचं दोनदा मोडलंय त्याला तिसरं ओळखू येतं. मग्दाला सांगावं, तर डॉक्टर होईल, इलाज होईल, हेही कळत होतं. पण सांगितल्यावर पहिली गोष्ट काय होईल? झडपांना खिळे. मग खमीस नाही, गल्ली नाही, समुद्राचा वारा नाही, भिंत आणि फोटो. आणि न सांगावं, तर पाठीत जे सुरू झालंय ते तिथेच थांबेल कशावरून? इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे खुर्ची. तिने गॅलरी निवडली. तिच्यावर कुणी रागवावं असं मला वाटत नाही.

मग्दा आली तेव्हा ती म्हणाली, पाठीत वारं भरलंय. आमच्याकडे मान आखडो, कंबर धरो, पोटात दुखो, माणसाला वारंच भरतं. मग्दाने कापराचं तेल चोळलं, लोकरीची शाल गुंडाळली आणि गॅलरीत बसू नकोस म्हणाली. त्या उकाड्यात शाल पांघरून इन्शिराह घामाने निथळत होती आणि पोरीचे हात मणक्यावरून फिरत होते तेव्हा ओठ चावून गप्प होती. "अगं, किती लागतंय तुला," मग्दा म्हणाली. "वारं आहे," आई म्हणाली. "निघेल."

काही आठवड्यांनी दुखणं जरा मावळलं आणि मग एक दिवस पिठाच्या डब्यावर वाकून शिंकताना दुसरा कट्‌ झाला. कुठे पडली नाही, सरकली नाही. घरात सतरंजी नाही, पायात खडावा नाही, दाराला कुलूप आहे, आणि बाई शिंकेने मोडली.

यानंतर घर मोठं व्हायला लागलं. आधी टोपली टांगायचा खिळा वर गेला. तिचा हात पोचेना, तेव्हा ती टोपली जमिनीवरच ठेवायला लागली. मग गॅलरीचा कठडा उंच झाला. पूर्वी खुर्चीत बसून तिचे कोपर त्यावर टेकायचे, आता हनुवटी टेकायला लागली. तिने खाली उशी घेतली, मग दोन. खमीसला खालून नुसतं कपाळ दिसायचं. "हाज्जा, आज डोकंच आलंय, बाकीच्या घरीच का?" त्याने विचारलं. एरवी तिने त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिने नुसती टोपली खाली सोडली.

आणि झगे. घरात घालायचे तिचे सुती झगे जमिनीला लोळायला लागले. एकदा वॉकरच्या पायात काठ अडकून ती खरंच पडता पडता वाचली, आणि मग तिने सुईदोरा काढला. मग्दा कामावर गेली की एकेक झगा मांडीवर घ्यायचा, खालचा काठ चार बोटं दुमडायचा आणि धावदोरा घालायचा. डोळे अजून चांगले होते. टाके घालताना तिला कधी हसू यायचं, कधी रडू. आयुष्यभर मासेमार नवऱ्याची फाटकी जाळी तिने शिवली, कुठून काय निसटतंय हे तिला बरोबर कळायचं. आता ती स्वतःच निसटत होती, आणि टाके घालून ते लपवत होती.

मोठी, कुर्बानीची ईद उन्हाळा सरता सरता आली. जिन्यात मेंढ्यांची बेंबें सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावाल्यांनी आपला मेंढा पायरीवरच बांधला होता. ईदेला नवा झगा घालायचा, ही घरची रीत. शिवणयंत्र मग्दाचं, हातही तिचाच चांगला. निळ्या फुलांचं कापड आणून तिने दोन संध्याकाळी बसून झगा शिवला, नेहमीच्या मापाने. आईचं माप तिला पाठ होतं. ईदेच्या दोन दिवस आधी तिने दुपारी आईला खोलीच्या मधोमध उभं केलं, झगा डोक्यावरून घातला आणि मागे सरली.

झगा जमिनीवर लोळत होता. निळी फुलं फरशीवर पसरली होती आणि त्यात आईची पावलं कुठे दिसतच नव्हती.

"चुकलंच की माझं," मग्दा म्हणाली. "कापताना गाढवासारखी लांब कापली. थांब, तुझा जुना आणते."

"नको गं," इन्शिराह म्हणाली. "दुमडून टाक. कोण बघतंय."

पण मग्दा खुंटीवरचा जुना झगा घेऊन आली, नव्यावर ठेवला आणि खांदे जुळवले. जुना चार बोटं आखूड होता. तिने त्याचा काठ उलटा केला. आत काळ्या दोऱ्याचा धावदोरा होता, आईच्या हातचा, बारीक आणि सरळ. तिने दुसरा झगा आणला. त्यालाही तसाच. तिसऱ्याला दोन दुमडी, एकीवर एक.

टाचण्या मग्दाच्या तोंडात होत्या. तिने एकेक काढून डबीत ठेवली आणि आईच्या पायांशी खाली बसली.

"हे कधीपासून?"

खाली मेंढा ओरडत होता.

"आई. मी विचारतेय, कधीपासून?"

"कलिंगडाच्या दिवसापासून," इन्शिराह म्हणाली. आणि मग सगळंच सांगितलं, खमीसचा नातू, दोर, शिंक, उशा. सांगताना तिचा आवाज असा होता की जणू दुसऱ्याच कुण्या बाईची हकीकत सांगतेय.

"वारं म्हणालीस मला. मी तेल चोळत बसले. मोडक्या मणक्यावर मी माझ्या हाताने तेल चोळत बसले." मग्दा म्हणाली. "का नाही सांगितलंस?"

"तू गॅलरी बंद केली असतीस म्हणून."

कलिंगड हा शब्द ऐकला त्याच क्षणी मग्दाची नजर गॅलरीच्या झडपांकडे गेली होती, आणि आईने ती जाताना पाहिली होती.

"मी पडले नाही, मग्दा," इन्शिराह म्हणाली. आता तिला राग आला होता, कितीतरी महिन्यांचा. "तू सांगितलंस बस, मी बसले. पडशील म्हणालीस, मी उठले नाही. कुलूप लावलंस, मी ओरडले नाही. आणि खुर्चीत बसल्या बसल्या मोडले. आता कशाला कुलूप लावशील? शिंकेला?"

मग्दाने आईच्या पावलांवर लोळणाऱ्या कापडात तोंड खुपसलं. इन्शिराहला वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण वाकवत नव्हतं. म्हणून ती नुसती उभी राहिली.

या वेळी "ईदनंतर" म्हटलं गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी खमीस आणि कोपऱ्यावरचा न्हावी वर आले, त्यांनी इन्शिराहला खुर्चीसकट उचललं आणि जिना उतरायला लागले. खमीसने इतक्या दिवसांनी तिला जवळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला, पण तो लगेच सावरला. "कलिंगड कच्चं होतं म्हणे," तो म्हणाला. "घ्या, आता मीच तुम्हाला ओढतोय." दुसऱ्या मजल्यावर मेंढ्याने खुर्चीचा पाय हुंगला. मग्दा पुढे पुढे उतरत होती, पाठ खाली आणि तोंड वर, दोन्ही हात पसरून, जणू तिघेही तिच्यावर कोसळणार आहेत.

डॉक्टर नेव्हीनने फोटो काढले आणि उजेडासमोर धरले. दोन नव्हे, तीन मणके दबले होते. तिसरा कधी गेला ते इन्शिराहलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरने विचारलं, दुसरी सुई कुणी थांबवली? मग्दा म्हणाली, मी. मग डॉक्टरने तिला शांतपणे सांगितलं की ही सुई अशी अर्ध्यात सोडायची नसते, सोडली की हाड आधीपेक्षा झपाट्याने विरतं आणि मणके असेच आपणहून दबतात. बसवून ठेवलं की हाड आणखी कमजोर होतं, त्याला रोज अंगाचं वजन पेलायला लावावं लागतं. "आणि सुईसाठी चार मजले उतरवायची गरजच नव्हती," ती म्हणाली. "रक्त तपासायला माणूस घरी येतो. खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस वर येऊन टोचतो. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मग्दा मान खाली घालून ऐकत होती. इन्शिराहला पोरीची कीव आली. तिने विषय बदलायला विचारलं की टोपलीचं काय करायचं? डॉक्टर म्हणाली, बसून ओढा, वाकू नका, आणि कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा जड काही नको. दबलेले मणके पुन्हा उभे राहणार नाहीत, हेही तिने सांगितलं. गेली ती उंची गेली. आता आहे ती राखायची.

सुई झाली. रात्री मग्दाने निळा झगा मापाने कापला, या खेपेला आईला समोर उभी करून, जमिनीपासून वर बोटं मोजत. कापून काढलेली पट्टी चांगली रुंद निघाली. मग्दाने ती हातात धरून बघितली, मग घडी करून शिवणयंत्राच्या खणात ठेवली.

ईदेचे दिवस माणसांत गेले. मग कचेऱ्या उघडल्या, आणि सकाळी मग्दा कपडे करून दारात उभी राहिली. आईकडे बघितलं, वॉकरकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. येते म्हणाली आणि दार ओढून घेतलं. आत इन्शिराहने कान दिला. किल्ली एकदा फिरली. दुसऱ्यांदा फिरली. दार एकदा हललं. मग चपलांचा आवाज खाली खाली गेला.

इन्शिराह फोटोकडे बघत राहिली. एवढं सगळं होऊनही कुलूप ते कुलूपच. फोटोला रोजचं वाक्यही तिने सुनावलं नाही.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली. "आई, टोपली सोड!"

ती वॉकर धरून गॅलरीत गेली, उशांवर बसली आणि टोपली खाली सोडली. खाली मग्दा उभी होती, मान वर करून. तिने टोपलीत काही तरी ठेवलं आणि हात मागे घ्यायला जरा वेळ लावला. इन्शिराहने बसल्या बसल्या, हाताने हात, दोर ओढला. टोपलीला काहीच वजन नव्हतं. वर आली तेव्हा आत किल्ली होती.

मग्दा अजून खालीच उभी होती. कचेरीला उशीर होत होता तरी हलत नव्हती. तिचे ओठ हलले, आणि काय शब्द असणार ते चौथ्या मजल्यावरूनही इन्शिराहला कळलं. पण मग्दाने तो गिळला आणि पाठ फिरवून झपाझप चालायला लागली.

इन्शिराह दारापाशी आली. आतूनही तीच किल्ली लागायची, ती तिने फिरवली. एकदा, दोनदा, आणि दार आत ओढलं. समोर उम्म शरबातचं बंद दार, मधे जिना, अंधारा, मेंढ्याच्या उरल्यासुरल्या गवताने भरलेला, खाली खाली गेलेला. या जिन्यासाठी ती किती तळमळली होती. आता पाय उंबरठ्यापाशी येऊन थिजला. पडशील, कुणी तरी म्हणालं. तिने मागे वळून बघितलं. घरात कुणी नव्हतं. शब्द तिच्याच तोंडून आला होता, अगदी मग्दाच्या आवाजात.

ती घाबरली. दार लोटून घ्यावं, खुर्चीत जाऊन बसावं, खमीस येईपर्यंत डोळे मिटून पडावं, असं तिला इतकं वाटलं की हात कडीकडे गेलासुद्धा. बाहेरचं कुलूप निघालं होतं, आणि आतल्याची किल्ली कुणाकडे मागायची ते तिला ठाऊक नव्हतं.

कडीकडे गेलेला हात तिने चौकटीवर ठेवला. दुसराही ठेवला. नव्या मापाच्या झग्याखाली तिला आपली पावलं दिसली, सुजलेली, वाकड्या बोटांची, कितीतरी दिवसांनी. दार उघडंच राहू देऊन, चौकट घट्ट धरून, तिने डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे टाचा उचलल्या, टेकवल्या आणि पुन्हा उचलल्या.